गुरगुरणे हा गुन्हा नव्हे

आमच्या गावाच्या नव्या वसाहतीत शिरले, की दर तीन-चार फाटकांआड एक पाटी दिसते: ‘कुत्र्यापासून सावध राहा’. कोठे ती संगमरवरावर कोरलेली असते, कोठे पत्र्यावर रंगवलेली. पाटीवर एखाद्या अल्सेशियनचे तोंडही काढलेले असते. प्रत्यक्षात आत पॉमेरेनियन असतो, ती गोष्ट वेगळी. ही पाटी जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याचे कर्तव्य सांगते. मालकाचे कर्तव्य काय, हे सांगणारी पाटी मात्र फाटकाच्या आतल्या बाजूला कोणी लावलेली मी पाहिलेली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती न लावलेली पाटी हा आहे.

पाळलेला कुत्रा अंगावर का येतो, चावतो का, आणि त्याला आवर कसा घालावा, याविषयी आपल्याकडे मते पुष्कळ आहेत. माहिती त्या मानाने फार थोडी. माझे मत थोडक्यात असे आहे: कुत्रा चावण्याआधी पुष्कळ वेळ बोलत असतो. ते बोलणे आपल्याला कळत नाही. आणि जेवढे कळते तेवढे आपण मारून बंद पाडतो. मग एक दिवस तो मुकाट्याने चावतो, आणि आपण म्हणतो, ‘काही कारण नसताना चावला’. कारण असते. ते बहुधा आपल्याच अंगणात असते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीत घडलेली गोष्ट सांगतो. एका गृहस्थांनी दीड-दोन वर्षांपूर्वी हौसेने एक गावठी पिल्लू आणले आणि त्याचे नाव ‘टायगर’ ठेवले. पिल्लू लहान होते तोवर आळीतली पोरे त्याला खांद्यावर घेऊन हिंडली. पुढे ते वाढले, चपला कुरतडू लागले, रांगोळीवरून धावू लागले. तेव्हा त्याची रवानगी जिन्याखाली झाली. तेथे चार हात साखळी, ॲल्युमिनियमची एक थाळी आणि अंगाखाली फरशी. असे वर्ष गेले. पाडव्याच्या दिवशी शेजारचा सात वर्षांचा मुलगा आपला चेंडू काढायला जिन्याखाली वाकला. चेंडू घरंगळत थाळीपाशी गेला होता. टायगरने त्याच्या दंडाचा चावा घेतला. फटाक्यांच्या आवाजाने ते जनावर दोन दिवस थरथरत होते आणि आदल्याच दिवशी भांडी घासणाऱ्या बाईंवर गुरगुरल्याबद्दल त्याला चपलेचा मार मिळाला होता, हे आळीतल्या बहुतेकांना ठाऊक होते.

संध्याकाळच्या आत निकाल लागला. टायगरला पोत्यात घालून, टेंपोत टाकून, हमरस्त्यापलीकडच्या खडी क्रशरच्या माळावर सोडून देण्यात आले. मुलाला इंजेक्शने सुरू झाली. आळी शांत झाली. पण त्या मुलाच्या आईला पुढचे कित्येक दिवस झोप नव्हती. तिचे कारण पुढे येईल.

या प्रसंगावर आळीत दोन मते पडली. पहिले मत: ‘कुत्र्याची जातच तसली.’ दुसरे मत: ‘सुरुवातीलाच चांगला बडवून काढला असता तर सरळ झाला असता.’ ही दोन्ही मते आपल्या सबंध समाजाचीच आहेत, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

आधी जातीचा प्रश्न. जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे एका ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर इत्यादी २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेताच ते काढले गेले होते, हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता. न्यायालयाचा मुद्दा कायद्याचा झाला. शास्त्राचा मुद्दा काय आहे? २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली. कुत्र्या-कुत्र्याच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यापैकी जातीवरून उलगडा होतो तो सुमारे ९ टक्क्यांचा, असे त्यांना आढळले.

याचा अर्थ जातीला काहीच महत्त्व नाही असा कोणी घेऊ नये. रॉटवायलरचा जबडा आणि पॉमेरेनियनचा जबडा सारखा नाही. चावल्यावर इजा किती होईल, हे कुत्र्याचा आकार आणि ताकद ठरवते, म्हणून दांडग्या कुत्र्याच्या मालकावर जबाबदारीही दांडगी येते. परंतु अमुक एक कुत्रा चावेल की नाही, हे त्याची जात विचारून सांगता येत नाही. जातीवरून स्वभाव ठरवण्याची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे. माणसांच्या बाबतीत ती खोटी आणि अन्यायाची ठरली. कुत्र्यांच्या बाबतीतही ती फारशी खरी निघालेली नाही. आणि आमच्या आळीतला टायगर तर २३ सोडाच, कुठल्याच यादीतला नव्हता.

मग कुत्रा चावरा होतो कशाने? याचे सर्वांत मोठे उत्तर एका शब्दात देता येते: भीती. आपल्याला तो रागीट दिसतो. आतून तो बहुधा घाबरलेला असतो. भ्यालेल्या जनावरापुढे दोन वाटा असतात, पळून जाणे किंवा समोरच्याला पळवून लावणे. साखळीने पहिली वाट बंद होते. उरलेली एकच वाट त्याने धरली की आपण त्याला ‘चावरा’ हे नाव देतो.

भीतीची मुळे पिल्लूपणात असतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत बार हार्बर येथे वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून त्यांचे निरीक्षण केले आणि १९६५ साली ते ग्रंथरूपाने मांडले. त्यातून ठसलेली गोष्ट अशी, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो. या काळात ज्या माणसांशी, ज्या आवाजांशी, ज्या प्राण्यांशी त्याची निर्धास्तपणे ओळख होते, ती त्याच्या जगात ‘आपली’ म्हणून जमा होतात. जे या काळात दिसले नाही, त्याची धास्ती मागाहून घालवणे कठीण जाते. छत्री उघडणारा माणूस, काठी टेकणारे आजोबा, धावणारी पोरे, कुकरची शिट्टी, मोटारसायकल, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, या सर्वांची ओळख तेव्हाच व्हायला हवी. आपण काय करतो? महिन्याचे पिल्लू आईपासून तोडून आणतो, आणि त्याला घरातल्या चार माणसांखेरीज काही दिसू देत नाही. ‘लाडावले तर राखण करणार नाही,’ ही आपली समजूत असते. पुढे ते घरच्यांखेरीज साऱ्या जगाला शत्रू समजते, यात नवल ते काय?

साखळीविषयी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात, जनावराला अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानला आहे. एवढेच नव्हे, नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे हिंडवले-फिरवले नाही, तर तोही गुन्हा आहे, असे कुत्र्याचा स्वतंत्र उल्लेख करून लिहिले आहे. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानेले तडफडेल अशा रीतीने सोडून देणे हाही त्याच कलमाखालचा गुन्हा. म्हणजे जिन्याखालचे ते वर्ष आणि माळावरची ती संध्याकाळ, दोन्ही एकाच कलमात बसतात. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये ठरवला गेला. पन्नास रुपयांत आज चांगली साखळीसुद्धा येत नाही!

आता कुत्र्याच्या बोलण्याकडे वळू. आपण फक्त भुंकणे आणि चावणे या दोनच गोष्टी ओळखतो. वास्तविक त्यांच्या अलीकडे पुष्कळ पायऱ्या असतात. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी तर या पायऱ्यांची एक शिडीच मांडून दाखवली आहे. अगदी खालच्या पायरीवर कुत्रा झोप आलेली नसताना जांभई देतो, नाक चाटतो, डोळे मिचकावतो, तोंड दुसरीकडे फिरवतो. तेवढ्याने भागले नाही, तर तो पाठ फिरवून दूर जाऊ पाहतो, अंग चोरतो, कान मागे पाडतो, शेपूट पायांत घालतो. मग एकाएकी ताठरतो. अंगाची हालचाल थांबते आणि डोळ्यांची पांढरी कड दिसू लागते. त्यानंतर गुरगुरणे, दात विचकणे, हवेत तोंड मारणे, आणि सर्वांत शेवटी चावा. शेपूट हलवतो म्हणजे खूश आहे, हेही नेहमीच खरे नसते. अंग सैल सोडून कमरेसकट हलणारी शेपटी वेगळी आणि वर ताठ धरून झपझप हलणारी शेपटी वेगळी.

या शिडीवर गुरगुरण्याला मोठा मान आहे. ‘मला हे सोसत नाही, तू मागे हो, मला चावायला लावू नकोस,’ एवढा सगळा मजकूर त्या एका आवाजात असतो. तो ऐकून आपण काय करतो? ‘आमच्यावर गुरगुरतोस?’ म्हणून पायतान काढतो. रेल्वेच्या फाटकावरची घंटा कानाला त्रास देते म्हणून कोणी ती काढून टाकली, तर गाडी यायची थांबत नाही. मार खाऊन कुत्रा एवढेच शिकतो, की गुरगुरल्यास मार बसतो. त्याची भीती तशीच राहते. वर माणूस जवळ आला की मार बसतो, ही एक नवी भीती तिच्यात भर घालते. पुढच्या खेपेस तो मधल्या पायऱ्या गाळून सरळ शेवटच्या पायरीवर जातो. टायगरने आदल्या दिवशी भांडीवाल्या बाईंना सूचना दिली होती. दुसऱ्या दिवशी त्या पोराला सूचना मिळाली नाही. ती आदल्या रात्री चपलेने बंद पाडलेली होती.

येथे दुसऱ्या मताचे, म्हणजे ‘बडवून सरळ करण्या’चे उत्तर येतेच. हल्ली या जुन्या मताला मोबाइलवरच्या चित्रफितींनी नवी झूल चढवली आहे. त्यांत सांगतात, की कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडग्यांच्या कळपात एक ‘अल्फा’ म्हणजे दादा असतो. तुम्ही कुत्र्याला उताणा पाडून, नरडे दाबून धरून आपणच दादा आहोत हे दाखवा. या कल्पनेचा उगम १९४७ सालच्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या अभ्यासात सापडतो. त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात बंदिस्त होते. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना सर्वतोमुखी केली. पण त्याच मेक यांनी पुढे रानातल्या लांडग्यांचा कळप वर्षानुवर्षे पाहिला आणि १९९९ साली स्वच्छ लिहिले, की नैसर्गिक कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरे असे एक कुटुंब असते. मारामारी करून गादी मिळवणारा दादा तेथे नसतो. ज्याने ती कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली. आपल्याकडे मात्र ती आता कोठे पोहोचली आहे!

मारण्याचा परिणाम काय होतो, याचीही मोजणी झालेली आहे. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांची माहिती २००९ साली प्रसिद्ध केली. कुत्र्याला मारले वा लाथ घातली, तेव्हा तो उलट अंगावर आला असे सांगणारे ४३ टक्के निघाले. उताणे पाडून दाबून धरण्याने ३१ टक्के, तर नुसते डोळे रोखून पाहण्याने ३० टक्के. ज्या औषधाने रोग वाढतो त्याला औषध म्हणावे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

सगळाच चावरेपणा मारातून येतो असेही नाही. काही वेळा तो आपल्या नकळत शिकवला जातो. मी कॉलेजला येण्यापूर्वी पहाटे ६० घरी वर्तमानपत्रे टाकतो, त्यामुळे फाटकाबाहेरून पुष्कळ कुत्र्यांशी माझा परिचय आहे. मी येतो, कुत्रा भुंकतो, मी पेपर टाकून निघून जातो. मला पुढची घरे घ्यायची असतात म्हणून मी जातो. पण कुत्र्याच्या दृष्टीने पाहा: ‘मी भुंकलो म्हणून चोर पळाला!’ वर्षातून साडेतीनशे दिवस त्याचा असा विजय होतो. दूधवाला, गॅसवाला, मीटर पाहणारा, सगळ्यांवर तो असाच विजय मिळवतो. मग ज्या दिवशी फाटकाची कडी चुकून उघडी राहते, त्या दिवशी तो भुंकण्यावर थांबत नाही.

यावरचा उपाय मी एका बंगल्यातल्या आजींकडे पाहिला. त्यांचा कुत्रा फाटकावर उड्या घ्यायचा. आजींनी पहाटे माझ्या सायकलची घंटा ऐकली, की त्याला पट्टा लावून व्हरांड्यात, फाटकापासून लांब बसवायला सुरुवात केली. मी दिसलो की भाकरीचा तुकडा. मी गेलो की तुकडे बंद. प्रारंभी तो तुकड्याकडे बघेनासुद्धा. मग अंतर आणखी वाढवले, अगदी आतल्या दारापाशी नेले, तेव्हा तो खाऊ लागला. आठवड्या-आठवड्याने एकेक पाऊल पुढे, असे करता करता दोन महिन्यांनी माझी घंटा ऐकून तो फाटकाकडे न धावता आजींच्या तोंडाकडे पाहू लागला. आजींनी कुठले पुस्तक वाचले नव्हते. पण पुस्तकांत जो उपाय सांगितला आहे तो हाच: ज्याची भीती वाटते ते सोसवेल इतक्या दूर ठेवायचे, ते दिसताच काही चांगले घडवायचे, आणि घाई न करता अंतर कमी करत आणायचे. कुत्रा भुंकू लागला, तर आपण फार जवळ आलो, एवढेच समजायचे.

आणखी एक कारण आपण हमखास विसरतो, ते म्हणजे दुखणे. कान पिकलेला असतो, दाढ दुखत असते, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरलेले असतात; आणि नेमके तेथे हात लागला की तो तोंड टाकतो. आजवर शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडखोर झाला, तर काठीच्या आधी पशुवैद्यकीय दवाखाना आठवावा. स्वभाव अचानक पालटणे हे रेबीजचेही लक्षण असू शकते, म्हणून तर त्यात दिरंगाई नकोच.

तेव्हा ज्याच्या घरी असा कुत्रा आहे त्याने काय करावे? पहिली गोष्ट, तो नेमका केव्हा आणि कशावर चिडतो हे आठ-पंधरा दिवस लिहून ठेवावे. खाताना, झोपेतून उठवताना, पिल्ले जवळ असताना, अनोळखी माणूस आल्यावर, की दुसरा कुत्रा दिसल्यावर? प्रत्येकाचे उत्तर निराळे असते. दुसरी, उपाय लागू पडेपर्यंत तो प्रसंगच येऊ देऊ नये. खाताना त्याच्या थाळीजवळ कोणी जाऊ नये. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत ठेवावे. बाहेर नेताना पट्टा मोठ्या माणसाच्या हाती असावा. तिसरी, त्याने तोंडात धरलेली वस्तू ओढून घेऊ नये, तिच्याहून चांगली वस्तू देऊन बदलून घ्यावी. चौथी, मुसके वापरण्यात कमीपणा मानू नये. बैलाला मुसके घालतो तेव्हा आपण त्याचा अपमान करत नाही. जाळीचे, तोंड उघडता येईल व पाणी पिता येईल असे मुसके हळूहळू सवय लावून घातले, तर कुत्रा व माणूस दोघेही निर्धास्त राहतात. पाचवी, रोज हिंडवावे. आणि सहावी, सर्वांत महत्त्वाची: लहान मूल आणि कुत्रा यांना कधीही एकटे सोडू नये, मग तो कुत्रा कितीही गरीब असो. लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा घरचा वा ओळखीचाच असतो. कारण त्याच्याच गळ्यात मूल हात टाकते. निर्बीजीकरणाने भटकणे व माजाच्या दिवसांतली भांडणे कमी होऊ शकतात. पण भीतीतून आलेला चावरेपणा त्याने जाईल, अशी आशा धरू नये. एवढे करूनही जमले नाही, तर जाणत्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

आता त्या आईच्या झोपेकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. परंतु लक्षणांपूर्वी लस घेतली तर तो टळतो, हे लुई पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या एका मुलाला वाचवून दाखवले. चावा बसताच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. तडक सरकारी दवाखान्यात जावे आणि सर्व इंजेक्शने ठरलेल्या तारखांना पुरी करावीत. जखमेतून रक्त आले असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध जखमेतच टोचावे लागते. त्याची चौकशी आपणहून करावी.

याला जोडून एक गोष्ट आहे. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवतात. तो १० दिवसांनंतर धडधाकट असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे डॉक्टर खात्रीने सांगू शकतात. उपचार तोपर्यंत थांबवायचा नसतो, पण घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आमच्या आळीने पहिल्याच संध्याकाळी कुत्रा नाहीसा केला. त्याला लस टोचल्याचा कागद नव्हता, आणि आता कुत्राही नव्हता. डॉक्टरांनी विचारले, ‘कुत्रा कसा आहे?’ तेव्हा त्या आईपाशी उत्तर नव्हते. शिवाय खडी क्रशरच्या माळावर मजुरांच्या झोपड्या आहेत. तेथेही सात वर्षांची मुले आहेत. आळीने धोका संपवला नाही. तो आपल्याहून गरीब माणसांच्या दारात नेऊन सोडला.

‘माणसांनाच धड दवाखाने नाहीत, आणि तुम्ही कुत्र्यांची मने कसली सांभाळता?’ असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. पण फाटकापाशी जाणे कोणाला भाग पडते, ते पाहा. मोलकरीण, दूधवाला, पोस्टमन, माझ्यासारखा पेपरवाला. ज्यांचा रोज बुडाला तर चूल अडते अशी माणसे. चावऱ्या कुत्र्याची किंमत मालकाआधी ती मोजतात. म्हणून कुत्र्याचे मन ओळखणे ही श्रीमंतांची चैन आहे असे मला वाटत नाही. ते इतरांच्या सुरक्षिततेचे काम आहे. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहे. नुसती पाटी लावून ही जबाबदारी फिटत नाही.

आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, आणि सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात शिरायला युधिष्ठिराने नकार दिला, असे महाभारत सांगते. आणि तरीही ‘कुत्रा’ ही आपली नित्याची शिवी आहे. तसबिरीतल्या कुत्र्याला आपण फूल वाहतो आणि जिन्याखालच्या कुत्र्याला चप्पल. या दोघांची गाठ आपल्या मनात कधी पडतच नाही.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने त्या दिवशी जवळच्या जिल्हा परिषद शाळांत जावे आणि मुलांना तीनच गोष्टी शिकवाव्यात: खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही, अंगावर आलाच तर पळायचे नाही, झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे, आणि चावला तर मार बसेल या भीतीने घरी लपवायचे नाही. तालुक्याच्या पशुवैद्यांना बोलावून त्याच दिवशी पाळीव कुत्र्यांना लस टोचून घ्यावी आणि मालकांना कागद द्यावा. याला फार खर्च नाही. पेपर टाकता टाकता माझ्या ओळखीच्या झालेल्या घरी जाऊन मालकांना बोलावून आणण्याचे काम मी करीन.